बोल लागला तर

नागपूर-यवतमाळ रस्त्यावरचं आमचं कळंब चिंतामणीच्या नावाने ओळखलं जातं. गावात ख्रिस्ती घरं मोजकी. माघातल्या जत्रेत आम्हीही फिरलो, नाताळला शेजारच्या घरी करंज्या आम्हीही पोचवल्या. तरी भांडण पेटलं की पहिला शब्द ठरलेला असायचा: बाटगे. त्यामुळे टोमणा कसा झेलायचा याचं शिक्षण आम्हाला अक्षरओळखीबरोबरच मिळालं. आजीने दिलं. पुढे नर्सच्या नोकरीत मी ते वॉर्डात, ऑपरेशनच्या टेबलापाशी आणि चिडलेल्या नातेवाइकांपुढे वापरलं.

2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली. आमची नातवंडं त्याच्या कितीतरी आधीपासून नागपूर-पुण्याला पांगलेली. फोन येतात. कुणाला साहेब चारचौघांत बोलला, कुणाला सासरी टोचून बोलतात, कुणाची नावावरून टवाळी झाली. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही घ्यावं, टोमण्याला धर्म नसतो.

१. आधी बघा, लागलं कोणाला

एकाधिकार कापूस खरेदी 1972 मध्ये आली, त्याच्या आधीची गोष्ट. खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर आजी कापसाचं गाठोडं घेऊन उभी होती, मी तिच्या पदराला धरून. व्यापारी हात न लावताच म्हणाला, "बाटग्याइच्या कापसात पानी मारलेलं असते." रांगेतली माणसं हसली. आजीने गाठोड्याची गाठ सोडली, आतून मूठभर कापूस काढून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "पिळून पाहा शेठ. पानी निंगालं तं सारा फुकट ठेवजा." आवाज चढला नाही. त्याने पिळला नाही, मुकाट्याने तोलला.

आजीच्या मागे एक मजूर बाई होती, नवरा वारलेली. तिच्या गाठोड्याचं वजन झालं आणि ओलाव्याची म्हणून भलतीच कटती लागली. आजी निघाली होती ती परत वळली. "मले काय म्हनाचं ते म्हना, पन इचा काटा पुन्हा करा." या वेळी आवाज चढला होता, आणि काटा पुन्हा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

घरी येताना मी विचारलं, तुला बोलला तेव्हा काहून नाही भांडलीस? ती म्हणाली, "मले बोल्ला तं मायं काय गेलं? तिचे पैसे चालले होते."

पुढचं सगळं या एका प्रसंगात आहे. बोल लागला की विचारायचं: यात नुकसान कोणाचं झालं? फक्त माझ्या अहंकाराचं झालं असेल तर गाडी पुढे काढा. दुसऱ्या कुणाचं नुकसान होत असेल, विशेषतः स्वतःसाठी बोलू न शकणाऱ्याचं, तर थांबा आणि बोला. शुभवर्तमानं या नजरेने वाचून पाहा. प्रभू येशूला खादाड म्हटलं, दारूबाज म्हटलं, भूत लागलेला म्हटलं, तोंडावर थुंकले. त्याने त्यातलं बरंच सोडून दिलं. पण मंदिराच्या आवारात गोरगरिबांच्या प्रार्थनेची जागा सराफांनी आणि कबुतरं विकणाऱ्यांनी अडवली तेव्हा त्याने चौरंग उलथले. आपण नेमकं उलटं करतो. स्वतःला कुणी काही बोललं की चौरंग उलथतो आणि दुसऱ्याला कुणी नाडलं की म्हणतो, ख्रिस्ती माणसाने शांत राहावं.

२. शिवीतला खरा भाग वेगळा काढा

दावीद राजा मुलाच्या बंडामुळे यरुशलेम सोडून पळत होता. बहूरीमजवळ शिमी नावाचा माणूस वाटेला लागून त्याला शिव्या देत, दगड आणि माती फेकत चालला. आधीचा राजा शौल, त्याच्या घराण्याचं रक्त तू सांडलंस, रक्तपाती माणसा, असा त्याचा आरोप. दावीदाचा सरदार अबीशय म्हणाला, हुकूम द्या, याचं डोकं उडवतो. दावीदाने त्याला थांबवलं. शिव्या देऊ दे, कदाचित देवानेच त्याला पाठवलं असेल, म्हणाला.

आता आरोप नीट पाहा. शौलाच्या घराण्याच्या रक्ताबद्दल तो खोटा होता. शौल दोनदा तावडीत सापडला तरी दावीदाने त्याला सोडलं होतं. पण रक्तपाती हा शब्द अगदीच खोटा नव्हता. ज्याला कपटाने मारवलं त्या उरीयाचं रक्त दावीदाच्या माथ्यावर होतंच, आणि ते शिमीला माहीत नसलं तरी दावीदाला माहीत होतं. म्हणून तो गप्प राहू शकला.

बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतो, भाषा वाईट असते, तपशील चुकलेला असतो. तरी त्यात कधीकधी आपल्या कामाची एखादी गोष्ट निघते. वॉर्डात एका पेशंटच्या भावाने मला सगळ्यांपुढे "खुर्ची गरम करता" म्हटलं, तर मी रागवायच्या आधी चार्ट पाहायची. सलाईन वेळेवर बदललं होतं का? बदललं असेल तर चार्ट त्याला दाखवायचा. बदललं नसेल तर आधी ते बदलायचं, बाकी सगळं नंतर. सोंगाडी नम्रता म्हणते, "हो हो, मी पापीच." ती काही तपासत नाही, म्हणून सुधारतही नाही. खरी नम्रता चार्ट उघडते.

३. उत्तर द्यायचंच तर हन्नेसारखं द्या

शिलोच्या मंदिरात हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई प्यालेली आहे. तो तिला तोंडावर तसं बोलला. मूल नाही म्हणून सवतीने छळलेली, देवळात रडायला आलेली बाई, आणि तिला खुद्द याजक दारुडी म्हणतो! यापेक्षा बोचरा अपमान कोणता?

तिचं उत्तर शिकण्यासारखं आहे. आधी त्याला आदराने संबोधलं. मग सरळ नाही म्हटलं: मी प्याले नाही. मग खरं काय ते सांगितलं: मी दुःखी आहे, देवापुढे मन मोकळं करते आहे. शेवटी, मला तसली बाई समजू नका. आदर, नकार, खरी गोष्ट, विनंती. एलीच्या घरातली लेकरं कशी होती हे सगळ्या इस्राएलाला माहीत होतं, पण तिने ते काढलं नाही. आणि एली तिथल्या तिथे मवाळ झाला, तिला आशीर्वाद देऊन पाठवलं.

हे साहेबासमोर अगदी असंच चालतं. "सर, उशीर माझ्याकडून झालेला नाही. फाईल मंगळवारी माझ्याकडे आली, बुधवारी मी पुढे पाठवली. एकदा नोंद बघाल का?" एवढं बोलून गप्प बसा. त्याच्या मागच्या महिन्यातल्या चुका काढायच्या नाहीत. त्या काढल्या की मूळ विषय बाजूला राहतो आणि तुम्ही दोघं सारखे होता.

४. दुसरा गाल म्हणजे पायपुसणं नव्हे

दुसरा गाल पुढे कर म्हणणाऱ्या वचनात मत्तयाने उजवा गाल असा स्पष्ट उल्लेख केला आहे. अनेक भाष्यकार सांगतात की समोरच्याने उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर उलट्या हातानेच मारावं लागतं, आणि तसा फटका मालक नोकराला मारी, तोही इजा करण्यापेक्षा पायरी दाखवण्यासाठी. त्यावर दुसरा गाल पुढे करणारा माणूस पळत नाही आणि परत मारतही नाही. तो समोर उभा राहतो.

प्रभूने स्वतः काय केलं? अन्ना याजकाच्या घरी शिपायाने त्याला थोबाडीत दिली तेव्हा त्याने विचारलं की माझं बोलणं चुकलं असेल तर चूक दाखव, बरोबर असेल तर मारतोस का? प्रेषित पौलाला फिलिप्पैमध्ये चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले. तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चारचौघांत मारलंत, आता चोरून सोडता? अधिकाऱ्यांनी स्वतः यावं. ते आले. गावात नुकतीच तयार झालेली लहान मंडळी मागे राहणार होती. तिच्यावर उद्या कुणी असाच हात टाकू नये, हाही त्यात हिशेब असावा असं मला वाटतं.

म्हणून पोरींनो, नीट ऐका. नवरा हात उचलतो, कामावर कुणी अंगचटीला येतो, जातीवरून शिवीगाळ होते, तिथे "क्षमा करावी, बाई" असा उपदेश कुणी पाळकाने केला तरी तो अर्धा आहे. तक्रार करा, लेखी करा, पोचपावती घ्या. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं. गुन्ह्याची फिर्याद केल्याने क्षमा मोडत नाही.

५. दोन्हीकडून बोल बसले तर पंडिता रमाबाई आठवा

महाराष्ट्रात या विषयाचं सगळ्यात मोठं उदाहरण त्यांचंच. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि इकडे त्या धर्मद्रोही ठरल्या. पण ज्यांच्यात गेल्या त्यांनी तरी कौतुकच केलं का? चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्रैक्य वगैरे सिद्धांतांवर त्यांनी प्रश्न विचारले, तर त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यात गर्व दिसला. स्वकीयांनी फितूर म्हणायचं आणि नव्या घरच्यांनी अहंकारी.

रमाबाईंनी पत्रं लिहिली. मुद्द्याला मुद्दा दिला. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही, हे स्वच्छ सांगितलं. आणि तरी जेराल्डिनबाई त्यांच्या आणि लेक मनोरमाच्या "आजीबाई" राहिल्या. मतभेद चालू राहिला आणि नातंही चालू राहिलं. ही पत्रं पुढे जेराल्डिनबाईंनीच जपली, म्हणून आज छापील वाचायला मिळतात.

इकडे 1889 मध्ये मुंबईत रमाबाईंचं विधवा मुलींसाठीचं शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. 1893 मध्ये वादळ उठलं. विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून वर्तमानपत्रांतून झोड उठली, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंची बाजू इतकीच होती की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दारही लावून घेणार नाही. हे एकदा सांगून झाल्यावर त्या कामाला लागल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा शोधून आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. उरलेल्या आयुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत शास्त्राचं भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, तेव्हा ते नुकतंच हातावेगळं झालं होतं.

यातून घ्यायचं काय? आपली बाजू एकदा, नीट, शक्य तर लेखी मांडावी. रोज रोज मांडू नये. रोजच्या खुलाशातून कामाचा वेळ जातो आणि बोलणाऱ्याला खुराक मिळतो.

६. गप्प राहण्याचाही ताठा असतो

हा रोग चर्चमध्ये फार. कुणी बोललं की चेहरा पडलेला ठेवायचा, "देव बघून घेईल" म्हणायचं आणि उपासनेला समोरून आलं तर नजर चुकवायची. वरून सहनशीलता, आतून "माझ्यासारखं सोसून दाखवा". शिवी देणारा गर्व लगेच ओळखू येतो. सोसणारा गर्व वर्षानुवर्षं मानाच्या बाकावर बसतो.

ओळखायची खूण सांगते. आपण गप्प बसलो ही गोष्ट आपण किती जणांना सांगितली? एकालाही सांगितली नसेल तर ती सहनशीलता. शेजारीण, बहीण, पाळकीणबाई आणि महिला मंडळाला सांगून झाली असेल तर ते भांडणच आहे, फक्त ज्याच्याशी करायचं त्याच्याशी केलं नाही.

यावर शास्त्राचा उपाय मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे: तू आणि तो, दोघांनीच एकांतात बोला. फोनवर लिहू नका, भेटा. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वचन टाकून कुणाला टोमणा मारणं हा तर पापाचा नवा प्रकार. शास्त्राची सुरी करू नका.

७. स्वतःवर हसायची सवय लावा

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्यांच्या वाटेने गेल्या. मधल्या काळातली कुचंबणा, नातलगांची बोलणी, सोवळ्याओवळ्याची ओढाताण, शिवाय टिळकांचा तापट स्वभाव. रडगाणं गायला भरपूर माल होता. "स्मृतिचित्रे" या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी ते सगळं लिहिलं, पण स्वतःचा वेंधळेपणा, स्वतःचा हट्ट आधी पुढे ठेवून. वाचणारा हसतो आणि मग त्याला कळतं की बाईंनी केवढं सोसलं.

स्वतःवर हसणाऱ्याला खिजवणं अवघड असतं, कारण मर्मावर तो आधीच बोट ठेवून मोकळा झालेला असतो. पण एक पथ्य पाळा. हसायचं ते आपल्या सवयीवर, आपल्या फजितीवर. आपल्या जातीवर, रंगावर, आईबापांच्या गरिबीवर दुसऱ्याला खूष करायला हसू नका. ती लाचारी आहे.

८. मनातली उधारी फेडून टाका

शिमीची गोष्ट मी अर्धीच सांगितली. दावीद जिंकून परत आला तेव्हा शिमी पाया पडला आणि दावीदाने त्याला जीवदान दिलं. इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण मरणाच्या खाटेवर दावीद शलमोनाला सांगतो, त्या शिमीला विसरू नकोस, त्याचं पांढरं डोकं रक्तासह कबरेत उतरव. इतकी वर्षं ती उधारी मनाच्या वहीत तशीच होती, आणि वसुली लेकाच्या अंगावर टाकून राजा गेला. शास्त्राने हे लपवलं नाही याचं मला फार मोल वाटतं. तोंड आवरलं म्हणजे मन आवरलं असं होत नाही.

मी वापरलेला उपाय असा. बोललेल्या माणसाचं नाव रात्रीच्या प्रार्थनेत घ्यायचं. "त्याला सुबुद्धी दे" अशी प्रार्थना नको, त्यात आपलाच तोरा असतो. त्याच्या गरजेची गोष्ट मागायची: त्याच्या आईचे गुडघे, त्याच्या पोराची परीक्षा, त्याच्या तुरीवरची अळी. गरज माहीत नसेल तर शोधून काढायची. दुसरी गोष्ट, दुसऱ्या दिवशी आपण आधी सलाम करायचा. त्याने घेतला नाही तरी करायचा. तिसरी, घरात लेकरांपुढे त्याचा उल्लेख "तो शिवी देणारा" असा करायचा नाही. आपलं भांडण वारशात देऊ नये.

९. बोल आपण लावला असेल तर

पौल यहूदी न्यायसभेपुढे उभा होता. प्रमुख याजकाने त्याच्या तोंडावर मारायचा हुकूम दिला, तसा पौल भडकला आणि त्याला चुना फासलेली भिंत म्हणाला. लोकांनी सांगितलं, हा प्रमुख याजक आहे. पौलाने लगेच, सगळ्यांपुढे मान्य केलं की मला ठाऊक नव्हतं, अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नये असंच शास्त्र सांगतं. मार त्याला बसणार होता, अन्याय त्याच्यावर होत होता, तरी आपल्या शब्दाची जबाबदारी त्याने घेतली. समोरच्याच्या चुकीत आपली चूक लपवली नाही.

माफीत "पण" येऊ देऊ नका. "मी बोलले ते चुकलं, पण तूही..." ही माफी नव्हे, भांडणाचा दुसरा दिवस आहे. आणि जिथे बोललात तिथेच माफी मागा. चारचौघांत बोललात तर चारचौघांत, स्वयंपाकघरात बोललात तर स्वयंपाकघरात. सुनेला पाहुण्यांपुढे बोलायचं आणि रात्री एकटीला गाठून पाठीवरून हात फिरवायचा, हे सासवांनो चालणार नाही. मोठ्यांनी लहानांची माफी मागितली की लहानांना माफी मागायची लाज वाटत नाही.

१०. लेकरांना हे कसं शिकवायचं

पोरगं शाळेतून रडत आलं, "मला बाटग्या म्हणाले", तर आधी जवळ घ्या. लगेच बापाला शाळेत पाठवू नका आणि लगेच क्षमेचं वचनही पाठ करून घेऊ नका. काय झालं ते पूर्ण ऐका. एकदाच झालं असेल तर त्याला हन्नेचं उत्तर शिकवा: "मला नावाने हाक मार." रोज होत असेल, मारहाण होत असेल, तर शाळेत जा आणि शिक्षकांशी शांतपणे, तारीख-वार सांगून बोला. त्या पोराच्या घरी भांडायला जाऊ नका. नाताळला करंज्यांचं ताट मात्र त्या घरीही पाठवा, आणि तुमच्या पोराच्या हातूनच पाठवा.

आणि एक प्रश्न रोजच्या जेवणावर विचारायची सवय ठेवा. तुला कोण काय बोललं, हे सगळेच आईबाप विचारतात. तुम्ही विचारा, आज वर्गात दुसऱ्या कुणाला चिडवत होते का, आणि तेव्हा तू काय केलंस? एखाद्या दिवशी लेकरू सांगेल, मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मग त्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढा.